धागा: नकाशातली गावं वावरात पडली आहेत, ती गावठाणावर कशी आणायची?

पांदणवाट · रविवार, रात्री ९:२०

रामराम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात गुरांवर उपचार करतो. रोज पाच-सहा गावं फिरणं होतं, म्हणून दोन वर्षांपासून ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येते असा खुला नकाशा) पांदणी, नाले, हातपंप टाकत असतो. मागच्या महिन्यात रात्री एका गावाहून फोन आला, गाय अडली होती. गावाचं नाव पिंपरी, माझं आधी कधी जाणं झालेलं नव्हतं. मोबाईलमधल्या नकाशात नाव सापडलं, गाडी तिकडे घातली. ठिपका निघाला पऱ्हाटीच्या वावरात. पुढे नाला, आणि गावाचे दिवे नाल्यापलीकडे दीडेक किलोमीटरवर. वळसा घालून पोचेपर्यंत अर्धा तास गेला. गाय वाचली, वासरू हाती लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो ठिपका उघडून पाहिला. इतिहासात एकच आवृत्ती. कुठल्याशा यादीतून शेकडो गावांबरोबर एकगठ्ठा चढलेला, आणि त्यानंतर कोणाचाच हात न लागलेला. मग रोज रात्री थोडं थोडं करत आख्खा तालुका धुंडाळला. काही गावं शिवेच्या टोकावर आहेत, दोन तलावात, एक नदीच्या पात्रात. काही गावांचे दोन-दोन ठिपके आहेत, एक 'पिंपरी' आणि त्याच्या बाजूलाच एक 'पिपरी'. ही दोन गावं आहेत की एकच, हे घरी बसून कळत नाही.

हे ठिपके मी पुसून नवीन टाकू की उचलून हलवू? आणि ज्या ठिपक्याच्या आसपास एकही घर दिसत नाही, त्याचं काय करायचं? आधी कोणी हे काम केलं असेल तर नीट सांगा. चुकीचं काम करून ठेवायचं नाही.

नकाशानाद · रविवार, रात्री १०:०५

डॉक्टरभाऊ, पुसू नका, हलवा. ठिपका उचलून गावठाणावर ठेवला तर त्याचा क्रमांक, जुना इतिहास आणि असलाच तर विकिडेटाचा (विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा) दुवा तसाच राहतो. पुसून नवा टाकला तर हे सगळं तुटतं, आणि कोणी कधी काय बदललं याचा माग काढणं पुढच्या माणसाला अवघड होतं.

ठिपका कशामुळे चुकला असेल, याचा अंदाज त्याच्या आकड्यांवरूनच येतो. समजा अक्षांश २०.२८३३३३३ आणि रेखांश ७८.३१६६६६७ आहे. दशांश चिन्हानंतरच्या भागाला ६० ने गुणा. १७ आणि १९ येतील, बरोबर पूर्ण मिनिटं. म्हणजे मूळ यादीत सेकंद नव्हतेच. आपल्याकडे अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर आणि रेखांशाचं सुमारे १.७४ किलोमीटर. जवळच्या मिनिटाला पूर्णांक केला असेल तर प्रत्येक दिशेला नऊशे मीटरपर्यंत चूक येते. सेकंद नुसतेच कापून टाकले असतील तर तिरप्या अंतरानं ती अडीच किलोमीटरपर्यंत जाते. तुमचं वावर आणि तुमचं गाव यांतलं अंतर या हिशोबात बसतं.

जगभरच्या गावांच्या ज्या मोठ्या याद्या फुकट मिळतात, त्यांतली एक अमेरिकेच्या नॅशनल जिओस्पेशियल-इंटेलिजन्स एजन्सीची आहे, तिला जीएनएस म्हणतात. तिच्यातल्या पुष्कळ नोंदी जुन्या १:२,५०,००० च्या नकाशांवरून आल्या आहेत. त्या कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. तालुक्याचं गाव शोधायला तो नकाशा पुरतो, पण अडलेल्या गाईपर्यंत पोचायला पुरत नाही. अशाच याद्यांवरून जिओनेम्स हा ठिकाणांच्या नावांचा माहितीसाठा भरला, जिओनेम्सवरून फिलिपिन्समधल्या सिबुआनो भाषेच्या विकिपीडियावर एका बॉटनं, म्हणजे आपोआप लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनं, लाखो लेख तयार केले, आणि तिथून त्याच नोंदी विकिडेटावर आल्या. म्हणून 'तीन ठिकाणी हेच अक्षांश-रेखांश दिसतात' हा पुरावा धरू नका. ते तिन्ही एकाच झऱ्याचं पाणी असू शकतं.

याद्या चढवणाऱ्यांवर मात्र राग नको. २००७ मध्ये एएनडी या डच कंपनीनं भारतातल्या मुख्य रस्त्यांचा विदा (डेटा) दान केला, तेव्हा इथे नकाशा करणारे फार थोडे होते. रिकाम्या पडद्यावर पहिल्यांदा काहीतरी दिसलं ते अशा दानामुळेच. त्यानंतर जमिनीवर जाऊन पडताळणी व्हायला हवी होती, ती राहून गेली.

शोधायची पद्धत: ओव्हरपास टर्बो या नकाशातल्या नोंदी शोधायच्या संकेतस्थळावर तालुक्याची हद्द घेऊन गाव, वाडी आणि वस्ती या प्रकारचे सगळे ठिपके मागवा, त्यांतून आवृत्ती १ असलेले वेगळे काढा. काम तिथून सुरू करा.

कॉलेजकट्टा_वणी · सोमवार, सकाळी ८:४०

सर, मी वणीला कॉलेजात शिकतो. मला हे दोन महिन्यांपूर्वीच दिसलं होतं. शनिवार-रविवार बसून मी आमच्या तालुक्यातले आणि बाजूच्या मारेगाव, झरीतले मिळून ६३ ठिपके पुसले. सॅटेलाइट फोटोत जिथे एकही घर दिसत नव्हतं, तेवढेच पुसले. कचरा साफ केला असं वाटलं होतं. वरचं वाचून आता शंका येते आहे. हे चुकलं का?

पांदणवाट · सोमवार, दुपारी १:१५

भाऊ, मनाला लावून घेऊ नको, पण झरीतलं काम आपल्याला परत पाहावं लागेल. त्या बाजूला कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे लहान वस्त्या, आहेत. आठ-दहा घरं, मोहाच्या आणि सागाच्या झाडांखाली, भिंती कुडाच्या. पावसाळ्यानंतरचा फोटो असेल तर वरून हिरवं झाकण तेवढं दिसतं. मी स्वतः अशा एका पोडावर बकऱ्यांना लस टोचायला जातो. तो ठिपका पाहिला तर मागच्या महिन्यापासून गायब आहे. तू पुसलेल्यांत तो असावा.

धुरा_बांध · सोमवार, सायंकाळी ६:३०

मी वर्धा जिल्ह्यात एकतीस वर्षे पटवारी म्हणून काम करून निवृत्त झालो. नातवाने हा धागा दाखवला. संगणकातले मला फार कळत नाही, पण गाव आणि मौजा यांच्यात गल्लत होत आहे, ती आधी सोडवायला हवी.

मौजा हे महसुलाचे एकक आहे. त्याला हद्द असते, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) असतो, नकाशा असतो. गाव म्हणजे माणसे राहतात ती जागा. एका मौजात तीन वस्त्या असू शकतात, आणि एकही नसू शकते. ज्या मौजात वस्ती नाही त्याला आम्ही उजाड मौजा म्हणतो. कोणी मौजांची यादी घेऊन प्रत्येक हद्दीच्या मध्यावर ठिपका ठेवला असेल, तर तो ठिपका वावरातच पडणार. गावठाण मौजाच्या मध्यावर असते असा काही नियम नाही. ते पाण्याजवळ असते, नाल्याच्या उंच काठावर असते, कधी शिवेला लागून असते.

आता घर न दिसणाऱ्या ठिपक्यांविषयी. आमच्याकडे नावापुढे 'रिठी' लागलेले मौजे पुष्कळ आहेत. रिठी म्हणजे उठून गेलेले गाव. पटकीने, दुष्काळाने, पुराने लोक गेले आणि शेजारच्या गावात वसले. पण जमीन त्याच नावावर राहिली. आजही सातबारा त्या मौजाचा निघतो, खरेदीखत त्या नावाने होते, पीक विमा त्या नावाने भरतात. बाहेरगावी राहणारा वारस वडिलांचे वावर शोधत येतो, तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर हेच नाव असते. ते नकाशावरून पुसले तर त्याने कोठे शोधायचे?

रिठी ओळखायची असेल तर माती पाहा. शेताची ती काळी आणि गावाची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, भिंतींची माती, शेण जिथे मिसळले ती जमीन गाव उठल्यावरही फिक्कट दिसते. उन्हाळ्यात काढलेल्या फोटोत काळ्या रानामध्ये राखाडी-पांढरा तुकडा दिसला, त्यावर दोन-चार जुन्या चिंचा, एक बांधीव विहीर आणि मारुतीचा ओटा असला, तर ती रिठीची पांढरी समजावी. नंतर जवळच्या गावातल्या कोतवालाला किंवा पोलीस पाटलाला विचारून खात्री करावी.

नकाशानाद · सोमवार, रात्री ९:५०

काका, हे आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः अशा दहा-बारा पांढऱ्या तुकड्यांवर 'पडीक जमीन' लिहून आलो आहे. ते परत पाहतो.

रिठीसाठी नकाशात सोय आहे. ठिपक्यावरची 'प्लेस=व्हिलेज' ही प्रकाराची खूण काढून 'प्लेस=लोकॅलिटी' करायचं, म्हणजे नाव असलेली पण वस्ती नसलेली जागा. सोबत 'अबँडन्ड:प्लेस=व्हिलेज' लावलं की पूर्वी इथे गाव होतं हेही कळतं.

वणीच्या मित्रा, पुसलेलं परत आणता येतं. जोसम या नकाशा संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये रिव्हर्टर नावाचं प्लगइन आहे, तुझ्या चेंजसेटचा (एका वेळी चढवलेल्या बदलांचा गठ्ठा) क्रमांक दिला की ठिपके मूळ क्रमांकासह परत येतात. पण परत आणल्यावर ते पुन्हा चुकीच्याच जागी असतील, म्हणून प्रत्येकावर 'फिक्समी', म्हणजे 'हे दुरुस्त करायचं आहे' अशी खूण, टाक आणि एकेक करून सोडव.

सिपनातीर · मंगळवार, सकाळी ७:१०

मेळघाटातून लिहितो आहे, नेटवर्क मिळालं की वाचतो. आमच्याकडे गावापासून सुटून असलेल्या वस्तीला ढाणा म्हणतात. नकाशात गाव असतं, ढाणा नसतो, किंवा गावाचा ठिपका ढाण्यावर आणि गाव बिननावाचं. आरोग्याची ताई गरोदर बाईला शोधत गेली की आधी गावात जाते, मग कळतं की घर डोंगराच्या पल्याड ढाण्यावर आहे.

अजून एक सांगायचं होतं. गावांची नावं कोरकूतून यादीत गेली ती आधी साहेबांच्या इंग्रजीत, तिथून मराठीत. दोनदा वाकडी झाली. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे. घरी आम्ही नाव वेगळंच म्हणतो. ते नाव लिहायला जागा आहे का?

आणि बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्र प्रकल्पातून उठून अकोटकडे गेली. त्यांचे जुने ठिपके जंगलात आहेत. तिथे कोणी राहत नाही, पण आमचे देव तिथेच आहेत.

नकाशानाद · मंगळवार, सकाळी ९:००

आहे ना. मराठी नावासाठी 'नेम:एमआर', तसं कोरकूसाठी 'नेम:केएफक्यू'. तो कोरकूचा आंतरराष्ट्रीय भाषा-संकेत आहे. कोलामीसाठी 'केएफबी', गोंडीसाठी 'जीओएन'. देवनागरीतच लिहा, जसं घरी म्हणता तसं. हे काम तुमच्याशिवाय दुसऱ्याला जमणार नाही.

वैनगंगाकाठ · मंगळवार, रात्री ८:४५

मी भंडारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. गोसीखुर्दच्या पाण्यात माझं माहेर गेलं. धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं तेव्हा मी दुसरीत होते, आणि गाव प्रत्यक्ष उठलं तेव्हा माझी मुलगी शाळेत जायला लागली होती. आता नवं गाव बारा किलोमीटरवर आहे. नाव तेच, पुढे 'पुनर्वसन'.

परवा कोणीतरी जुन्या गावाचा ठिपका पाण्यातून उचलून नव्या गावावर ठेवला. चेंजसेटवर लिहिलं होतं, 'पाण्यातलं गाव दुरुस्त केलं.' त्यांनी चांगल्या मनानंच केलं असणार. पण ती चूक नव्हतीच. गाव खरंच तिथे होतं. ठिपका आधी बरोबर जागी होता, पाणी नंतर आलं. दोन्ही ठिकाणं वेगळी दाखवायला हवीत असं मला वाटतं.

नकाशानाद · मंगळवार, रात्री ९:३०

ताई, तुमचं दुःख समजतं, पण नियमाची एक अडचण आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर आज जमिनीवर जे आहे तेच ठेवतात. ज्याचा काहीच माग उरला नाही त्यासाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा वेगळा प्रकल्प आहे. जुनं गाव तिथे टाकलं तर?

वैनगंगाकाठ · मंगळवार, रात्री १०:१०

माग उरला आहे, भाऊ. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा आणि शाळेची पायरी उघडी पडते. आम्ही दरवर्षी नारळ घेऊन जातो. ढिवर बांधव मासे धरताना आजही त्या भागाला गावाच्याच नावानं ओळखतात. नावाडी तेच नाव घेतो.

नकाशानाद · मंगळवार, रात्री १०:२५

मग माझा मुद्दा मागे घेतो. लोक आज ते नाव त्या जागेसाठी वापरतात, म्हणजे ते जमिनीवर आहे. जुना ठिपका परत मूळ जागी, रिठीसारखाच 'अबँडन्ड' करून. नव्या गावाला स्वतःचा नवा ठिपका.

संत्रेवाला_वरूड · बुधवार, दुपारी २:००

जागेचं झालं, आता नावाचंही बोलू. मी वरूडचा. नकाशात आमच्या आसपास कोणीतरी इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्रानं मराठी नावं बनवून एकगठ्ठा भरली आहेत. वरूडचं 'वरुद', काटोलचं 'कतोल', हिंगणघाटचं 'हिंगनघत' असले प्रकार. इंग्रजीत ड-द, ट-त, ण-न, ळ-ल एकाच अक्षरानं लिहितात, यंत्रानं ओळखावं कसं? मोठी गावं कोणीतरी लगेच सुधारतो. पण खेड्याचं नाव 'दाभा' आहे की 'डाभा', हे त्या गावच्या माणसाशिवाय कोण सांगणार? चुकीचं मराठी नाव असण्यापेक्षा मराठी नाव रिकामं असलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. रिकामी जागा पाहून कोणीतरी भरतो. भरलेली चूक मात्र खरी समजून पुढे छापली जाते.

नावाची शेपटी तोडणं हा दुसरा रोग. यादीत नुसतं 'चांदूर'. अरे, रेल्वे की बाजार? 'कारंजा' म्हणजे वाशिमातलं लाड की वर्ध्यातलं घाडगे? 'अंजनगाव' सुर्जी की बारी? 'धामणगाव' रेल्वे की गढी? आपल्याकडे ही शेपटीच खरी ओळख आहे. एसटीत बसताना आपण पहिलं नाव म्हणतच नाही, 'बाजारचं एक द्या' म्हणतो.

जिल्हेही जुनेच आहेत. वाशिम १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून, गडचिरोली तर २६ ऑगस्ट १९८२ लाच चंद्रपुरातून निघाला. तरी काही ठिपक्यांच्या 'इज_इन' मध्ये, म्हणजे ठिकाण कशात येतं ते सांगणाऱ्या ओळीत, अजून जुना जिल्हा आहे. जिल्ह्याची हद्द नकाशात काढलेली असताना ही ओळ हवीच कशाला? सरळ काढून टाकावी.

धुरा_बांध · बुधवार, सायंकाळी ५:४५

त्यात एक भर. 'बु.' आणि 'खु.' असे अर्धे लिहू नये असा तुमच्याकडे नियम आहे असे नातू म्हणतो. नियम चांगला आहे. पण 'बु.' चे सगळीकडे 'बुद्रुक' करू नका. विदर्भात कित्येक गावी 'बुजरूक' म्हणतात आणि लिहितात. मूळ फारसी 'बुजुर्ग', म्हणजे थोर. 'खुर्द' म्हणजे लहान. ग्रामपंचायतीच्या फलकावर काय आहे ते पाहून लिहा.

जुन्या कागदात यवतमाळचे 'येवतमाळ', वाशिमचे 'बासिम', अचलपूरचे 'एलिचपूर', चंद्रपूरचे 'चांदा' सापडेल. ही नावे टाकून देऊ नका, जुने नाव म्हणून वेगळी ठेवा. जुनी खरेदीखते वाचणाऱ्याला ती लागतात.

कॉलेजकट्टा_वणी · बुधवार, रात्री ११:२०

६३ ठिपके परत आणले. सगळ्यांवर 'फिक्समी' लावलं. आता विचारायचं होतं, नाव आणि जागा पक्की करायला काय काय चालतं? गूगलवर बघून टाकलं तर लवकर होईल.

नकाशानाद · गुरुवार, सकाळी ८:१५

गूगलवरून अजिबात नाही. तो विदा त्यांच्या मालकीचा आहे, आपल्या परवान्यात बसत नाही. तिथून उतरवलेलं पुसावं लागतं. बिंगची उपग्रहचित्रं वापरायची परवानगी आहे. आणि स्वतः जाऊन काढलेला फोटो सगळ्यात उत्तम. ग्रामपंचायतीचा फलक, एसटीच्या थांब्यावरची पाटी, मैलाचा दगड.

वैनगंगाकाठ · गुरुवार, दुपारी ४:३०

आमच्या शाळेची भिंत विसरू नका. बहुतेक जिल्हा परिषद शाळांवर गावाचं नाव, केंद्र, पंचायत समिती आणि शाळेचा अकरा अंकी सरकारी यू-डायस क्रमांक रंगवलेला असतो. महाराष्ट्राचे सगळे २७ ने सुरू होतात. लहानशा टोलीवर, म्हणजे वस्तीवर, ग्रामपंचायत नसेल, थांबा नसेल, पण शाळा बहुतेक ठिकाणी सापडेल.

आणि नाव विचारायचं ते बायकांना विचारा. परका माणूस दिसला की पुरुष मंडळी कागदावरचं नाव सांगतात. बाई 'माझं माहेर अमक्याचं' म्हणते तेव्हा ती जे नाव घेते, ते वस्तीचं रोजच्या बोलण्यातलं नाव.

पांदणवाट · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:००

मंडळी, झालेलं काम सांगतो. आमच्या तालुक्यात मी चुकीचे धरलेले ४४ ठिपके होते. त्यांतले २६ गावठाणावर हलवले, प्रत्येकाचा फलकाचा किंवा शाळेच्या भिंतीचा फोटो माझ्याकडे आहे. सात रिठी निघाल्या. धुराकाकांनी सांगितलं तसं उन्हाळ्यातला फोटो लावून पाहिलं, सातपैकी पाच ठिकाणी पांढरी स्पष्ट दिसली. एका रिठीवर मी स्वतः जाऊन आलो. वावरमालकानं विहीर दाखवली, आजोबांच्या आजोबांचं घर कुठे होतं ती जागा दाखवली, आणि चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. नकाशात त्या रिठीचं नाव पाहून तो बराच वेळ मोबाईल हातात धरून बसला होता.

'पिंपरी' आणि 'पिपरी' खरंच दोन वेगळी गावं निघाली, मधे नाला. एक कागदावर पिंपरी, दुसरं कागदावरही पिपरीच. दोन्ही तशीच ठेवली. त्या रात्री मी गेलो ती पिंपरी आता तिच्या जागेवर आहे, नाल्यावरचा रपटा आणि पलीकडून येणारा रस्ताही टाकला.

आठ ठिपके दुसऱ्या ठिपक्यांच्या जोड्या होत्या, ते एकत्र केले, स्पेलिंगचा फरक 'ऑल्ट_नेम' (पर्यायी नाव) मध्ये ठेवला. तीन अजून सुटले नाहीत. त्यांतलं एक नाव बाजारात दहा-बारा म्हाताऱ्यांना विचारलं, कोणीही ऐकलेलं नाही. ते पुसलं नाही, 'फिक्समी' ठेवून काय-काय विचारलं ते त्यात लिहून ठेवलं.

वणीच्या भाऊ, झरीतले पोड राहिले आहेत. पुढच्या रविवारी मला तिकडे लसीकरणाला जायचंच आहे. सकाळी सात वाजता पांढरकवड्याच्या बसस्थानकावर ये, गाडीवर मागे बस. पोडावरच्या बाया सकाळी घरी असतात, नऊनंतर कापूस वेचायला जातात.

कॉलेजकट्टा_वणी · रविवार, रात्री ९:१२

येतो सर. पहिल्या बसनं निघतो.